वेस, चावडी आणि मोहल्ला : महाराष्ट्रातील पोलीसव्यवस्था व लोकसहभाग यांचा एक आलेख

‘कोतवाल’ या शब्दाचा मराठीतला प्रवास उतरणीचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्यात कोतवाल हा शहराचा मातबर अंमलदार होता. रस्ते आणि बाजार, वजने आणि मापे, परगावाहून आलेल्या माणसांची नोंद, रात्रीच्या तोफेनंतर हिंडणाऱ्यांची अटक, किरकोळ फिर्यादींचा निवाडा ही सारी कामे त्याच्या चावडीकडे होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र महाराष्ट्रातील खेड्यात कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा, तुटपुंज्या मानधनावर राबणारा गावकामगार होय. दवंडी देणे, दप्तर वाहणे, साहेब आले की माणसे बोलावून आणणे हे त्याचे काम. एकाच शब्दाने दोनशे वर्षांत शहराच्या धन्यापासून गावाच्या चाकरापर्यंत मजल मारावी, ही केवळ अर्थसंकोचाची घटना नव्हे. राखणदारी कोणाची, कोणाच्या वतीने आणि कोणावर, या प्रश्नाची महाराष्ट्रात वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली, त्यांचा गाळ या शब्दाच्या तळाशी साचलेला आहे.

पोलीसव्यवस्थेत स्थानिक समाजाला सहभागी करून घेण्याचे जे प्रयोग गेल्या तीनचार दशकांत आपल्याकडे झाले, त्यांची चर्चा बहुधा प्रशासनशास्त्राच्या परिभाषेत होते. त्या परिभाषेत ‘समाज’, ‘गाव’, ‘लोक’ हे शब्द स्वयंसिद्ध असतात. साहित्याच्या अभ्यासकाला ती मुभा नाही. ‘गाव’ म्हणजे कोण, हे मराठीत कधीच स्वयंसिद्ध नव्हते. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आणि ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग एकाच भाषेत, एकाच काळी, एकाच गावाविषयी वापरले जात होते. प्रस्तुत निबंधात या विसंगतीच्या आधाराने महाराष्ट्रातील लोकसहभागी पोलीसव्यवस्थेचा इतिहास वाचण्याचा प्रयत्न केला आहे. तो सलग इतिहास नाही. काही टप्प्यांवर थांबून केलेली पाहणी आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावाच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे आणि प्रत्यक्ष राखण महार, रामोशी, भिल्ल यांच्याकडे असे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तो त्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा आणि त्याने तो पुढे न्यायचा. ज्या शिवेत माग हरवला त्या गावाला चोरीच्या मालाची भरपाई करावी लागे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही पूर्णपणे स्थानिक आणि उत्तरदायी अशी पोलीसव्यवस्था होती. मुलुख नुकताच हाती आलेल्या कंपनी सरकारला तिचे कौतुक वाटले, आणि पुढे स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणाऱ्या आपल्या लेखकांनाही ते वाटत राहिले.

या कौतुकात एक तपशील निसटतो. वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर महार हा त्या वेशीच्या आत राहत नव्हता. सूर्य मावळला की वेस लावायची आणि पहाटे उघडायची हे काम त्याचे. त्याची वस्ती मात्र पांढरीच्या बाहेर, महारवाड्यात. गावाच्या सीमांची खडान्‌खडा माहिती त्यालाच असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. सरकारी खजिना पोहोचवणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत सोबत करणे, मेलेले गुरू ओढून नेणे, मयताचा सांगावा घेऊन परगावी जाणे हे सगळे त्याच्याकडे. मोबदला म्हणून बलुते, काही जमीन आणि परंपरेने सांगितले जाणारे बावन्न हक्क. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारीक वर्णन आले आहे, ते वाचताना आजच्या वाचकाला दोन गोष्टी एकदम जाणवतात. गावाची सुरक्षितता ज्याच्या डोळ्यांवर अवलंबून होती, त्याच्या सावलीची गावाला भीती होती. आणि या दोहोंत काही विपरीत आहे असे गावाला वाटत नव्हते.

रामोशांची कथा याच्या जोडीची आहे. किल्ल्यांच्या व गावांच्या राखणीवर जगणाऱ्या या समाजाचे हक्क कंपनी सरकारच्या अमलात खालसा होऊ लागले, तेव्हा पुरंदरच्या परिसरात बंड उभे राहिले. उमाजी नाईकाला १८३२ साली पुण्यात फाशी देण्यात आली. काल जो राखणदार होता तो आज दरोडेखोर ठरला. बेरड-रामोशी हे नाव आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘विमुक्त’ कशापासून, हे त्या यादीत लिहिलेले नसते.

इंग्रजी राजवटीने ही व्यवस्था मोडली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. मुंबई सरकारने १८६७ साली पाठोपाठ दोन कायदे केले. त्या वर्षीचा सातव्या क्रमांकाचा कायदा जिल्हा पोलिसांचा आणि आठव्या क्रमांकाचा कायदा गाव पोलिसांचा. पहिल्याने गणवेशातील, पगारी, पोलीस अधीक्षकाच्या हुकमाखालची फौज उभी केली. दुसऱ्याने पाटील आणि त्याच्या हाताखालचे वतनदार राखणदार जसेच्या तसे ठेवले. केवळ त्यांच्या निष्ठेची दिशा बदलली. पाटील आता गावाच्या वतीने मामलेदाराशी बोलणारा राहिला नाही. तो मॅजिस्ट्रेटच्या वतीने गावावर नजर ठेवणारा झाला. खर्च मात्र पूर्वीप्रमाणे गावाकडेच राहिला, कारण वतनाची जमीन आणि बलुते हाच त्या खात्याचा पगार होता. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही गाठ पक्की केली. सरकारच्या दृष्टीने ही सोय मोठी होती: पैशाशिवाय पोलीस मिळाले.

शहरात गाठ वेगळ्या दिशेने बांधलेली होती. मुंबईच्या नगरपालिकेला एकोणिसाव्या शतकात पोलिसांच्या खर्चाचा मोठा भार सोसावा लागे, पण पोलिसांच्या कारभारात तिचा शब्द चालत नसे. यावरून नगरपालिका आणि सरकार यांच्यात अनेक वर्षे खटके उडत राहिले. अखेर १९०७ च्या कायद्याने हा भार सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत यांसारख्या जबाबदाऱ्या नगरपालिकेने स्वीकारल्या. नागरी स्वराज्याच्या इतिहासात हा सौदा शहाणपणाचा म्हणून नोंदला जातो, आणि शाळांच्या दृष्टीने तो तसा होताही. परंतु ज्या एका धाग्याने शहराच्या निवडलेल्या प्रतिनिधींचा पोलिसांशी काही संबंध उरला होता, तो धागा त्यामुळे तुटला. पैसा देणाऱ्याला जाब विचारता येतो, असा निदान युक्तिवाद तरी करता येत होता. १९०७ नंतर त्यालाही जागा राहिली नाही.

हाच तुटलेला धागा स्वातंत्र्यानंतरही जोडला गेला नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या याद्या दिल्या. त्यांत रस्ते आहेत, पाणी आहे, स्मशानभूमी आहे, कोंडवाडेही आहेत, पोलीस नाहीत. त्यामुळे आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांनी पोलीससुधारणेत भाग घेतल्याची जी जी उदाहरणे आहेत ती एखाद्या मंत्र्याच्या उत्साहातून, एखाद्या अधिकाऱ्याच्या कल्पकतेतून किंवा एखाद्या दंगलीनंतरच्या पश्चात्तापातून जन्मली. हक्क म्हणून ती कोठेच नव्हती.

मग कायद्यात लोकसहभाग कोठे शिल्लक होता? एका कागदात. ‘पंच’ हा शब्द पाहावा. गावाचा निवाडा करणारे पंच हे परमेश्वराचे रूप मानले जात. पोलिसांच्या पंचनाम्यातले पंच हे निवाडा करीत नाहीत. ते पाहतात आणि सही करतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कलम १०३ मध्ये कायम आहे. परिसरातील प्रतिष्ठित रहिवासी! या तीन शब्दांवर स्वतंत्र निबंध लिहिता येईल. कायद्याने परिसर नकाशावर दाखवला, रहिवास मतदारयादीवरून ठरवला. प्रतिष्ठा कोण ठरवणार? ती ठरवण्याचे काम ठाण्यातील हवालदाराकडे आले, आणि त्याने ती गावाच्या चालीनेच ठरवली.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात केलेल्या दोन हस्तक्षेपांची आठवण अपरिहार्य आहे. १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी करावी लागते आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर असतो, ही त्यांच्या प्रतिपादनामागची वस्तुस्थिती होती. बलुत्याऐवजी निश्चित वेतन आणि वतनातून मोकळे होण्याची सोय त्यांना हवी होती. हे विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. दुसरा हस्तक्षेप १९३२ चा. ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी पंचायतींच्या हाती न्यायाचे अधिकार देण्यास विरोध केला आणि अस्पृश्यांना पंचायतींत राखीव प्रतिनिधित्व हवे असा आग्रह धरला. ज्या गावात एका वर्गाला विहिरीवर पाय ठेवता येत नाही त्या गावाच्या पंचांपुढे त्या वर्गाच्या माणसाने फिर्यादी म्हणून उभे राहायचे, यातली विपरीतता त्यांना दिसत होती. १९४८ साली संविधान सभेत खेड्याविषयी त्यांनी काढलेले कठोर उद्गार सर्वज्ञात आहेत. त्यांच्या मागे वेशीवरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखणीचा अनुभव आहे, हे मात्र पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. गावाला पोलिसी अधिकार द्यावेत की नाही, या प्रश्नावर त्यांचे म्हणणे निव्वळ नकाराचे नव्हते. आधी गाव कोणाचे ते ठरवा, असे ते म्हणत होते.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. १९५८ च्या कनिष्ठ गाववतने नष्ट करण्याच्या कायद्याने महारकी संपली आणि त्या जागी मानधनी कोतवाल आला. निबंधाच्या आरंभी उल्लेखिलेल्या उतरणीचा शेवटचा टप्पा तो हाच. १८६७ च्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. पोलीस पाटील हे पद आता वंशपरंपरेचे राहिले नाही, नेमणुकीचे झाले. पुढे त्यात आरक्षण आले, स्त्रिया आल्या. हे बदल लहान नाहीत. तथापि पोलीस पाटील उत्तरदायी राहिला तो महसूल व दंडाधिकारी यंत्रणेलाच. गावाने निवडलेल्या पंचायतीला त्याने काही सांगावे किंवा पंचायतीने त्याला काही विचारावे, अशी रचना झाली नाही. गावातील दोन सार्वजनिक माणसे, सरपंच आणि पोलीस पाटील, एकाच ओट्यावर बसून दोन वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात.

आता भिवंडीकडे वळू. यंत्रमागांच्या या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा मोठी दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची योजना आखली. शहरभर सुमारे सत्तर समित्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान शेजारी समोरासमोर बसत, आणि त्या भागाचा पोलीस त्यांच्याबरोबर बसे. चर्चा धर्माची नसे; गटाराची, नळाची, माग रात्री किती वाजेपर्यंत चालावा याची, कोणाच्या पोराने कोणाला धक्का दिला याची असे. पोलिसांनी माणसे ओळखावीत आणि माणसांनी पोलिसांना नावाने हाक मारावी, एवढाच वरकरणी हेतू. १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुंबई पेटली; तेथून फार दूर नसलेली, दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हा प्रश्नच पुस्तकाचे नाव म्हणून वापरला. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ मधील आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली.

या यशाची कारणे सांगताना ‘जातीय सलोखा’ हा शब्द आपोआप जिभेवर येतो, पण तो येथे गैरलागू आहे. खोपडे यांच्या योजनेने सलोखा गृहीत धरला नव्हता. मोहल्ला फाटलेला आहे, एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या गल्लीत पाऊल टाकीत नाही आणि पोलीस दोघांनाही परका आहे, हे मान्य करून ती सुरू झाली. समितीतील माणसे निवडताना ‘समाजाचे प्रतिनिधी’ शोधण्याऐवजी ‘शेजारी’ शोधण्यावर भर होता. या दोहोंतील फरक मोठा आहे. प्रतिनिधी आपल्या समाजाच्या वतीने बोलतो आणि म्हणून भांडण वाढवण्यात त्याचा काही वेळा लाभ असतो. शेजाऱ्याला उद्या त्याच नळावर उभे राहायचे असते. शांतता समित्यांचा जुना प्रघात प्रतिनिधींचा होता. सणाच्या आधी ठाण्यात पांढऱ्या टोप्यांची आणि दाढ्यांची बैठक व्हायची, चहा व्हायचा, फोटो निघायचा. मोहल्ला समितीने हा प्रघात मोडला.

तरीही दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. समित्या पोलिसांनी नेमल्या होत्या; भिवंडीच्या नगरपालिकेला या रचनेत काही स्थान नव्हते. आणि अधिकारी बदलला की समितीचे काय होते, या प्रश्नाला उत्तर नव्हते. ५ जुलै २००६ रोजी याच शहरात एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून पोलीस आणि मुसलमान जमाव यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात दोघे ठार झाले आणि नंतर जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. पोलीस ठाणे कोठे बांधावे हा प्रश्न विचारण्याची, त्यावर मत देण्याची आणि ते मत नोंदले जाण्याची वैध जागा त्या शहरात असती तर काय झाले असते, हा इतिहासाच्या बाहेरचा प्रश्न आहे. परंतु तशी जागा नव्हती, ही इतिहासाच्या आतली गोष्ट आहे.

मुंबईत याच धर्तीवरची चळवळ १९९४ मध्ये उभी राहिली. १९९२-९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली होती. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने धारावी व अन्य वस्त्यांत मोहल्ला एकता समित्या सुरू झाल्या. पोलीस आणि वस्तीतील मुले यांचे क्रिकेटचे सामने हा त्यांचा लोकप्रिय उपक्रम. क्रिकेटविषयी मला एरवी फारसे प्रेम नाही. पण ज्या मैदानात पोलीस फक्त धावबाद होऊ शकतो, तेथे वस्तीतल्या पोराला त्याची भीती वाटेनाशी होते, हे कबूल केले पाहिजे.

ग्रामीण भागातील सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामविकासमंत्री असताना २००० साली सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचा साचा तिला होता: ग्रामसभा, समिती, गुणांकन, पुरस्कार. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडायची. समितीने गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांची नोंदवही ठेवायची आणि तडजोडीस पात्र असलेले तंटे सामोपचाराने मिटवायचे. ‘तंटा गावात, गावातच मिटवा’ असे तिचे सूत्र सांगता येईल. कागदावर पाहता पंचायत राज्य आणि पोलीस यांचा महाराष्ट्रात झालेला हा पहिला व्यापक संयोग होता. हजारो गावांनी भाग घेतला. बांधाचे, वाटपाचे, भाऊबंदकीचे असंख्य वाद कोर्टाची पायरी न चढता मिटले. तारखांवर तारखा घेत तालुक्याला खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय किती मोठी होती, याची कल्पना ज्याने ते खेटे घातले नाहीत त्याला येणार नाही. पुढील काळात हा उत्साह ओसरला, तो भाग वेगळा.

परंतु या मोहिमेच्या काळाकडे नीट पाहावे. तिच्या घोषणेच्या एक वर्ष अगोदरही झाले नव्हते, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावात एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. घटनेच्या मुळाशी जमिनीचा आणि वाटेचा जुना तंटा होता. त्याच महिन्याच्या आरंभी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. हा पोलीस पाटील दलित होता. त्या मारहाणीच्या प्रकरणात कुटुंबातील स्त्रियांनी साक्षीदार म्हणून हल्लेखोरांची नावे सांगितली. जामिनावर सुटून आलेल्यांचा राग त्यांच्यावर निघाला. म्हणजे १९६७ च्या कायद्याने जे साधले होते, पाटीलकी जातीच्या बाहेर आली होती, ते सारे या घटनेत दिसते; आणि गावाने ते मानले नव्हते हेही दिसते. वेसकराच्या साक्षीवर शिवेचा निकाल लावणाऱ्या समाजात दलित स्त्रीने साक्ष देणे हे मरणाचे कारण ठरले. पुढे सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आरोपींना दोषी ठरवले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागू होत नाही असा निष्कर्ष काढला. जमिनीचा तंटा, एवढेच त्याचे रूप नोंदीत राहिले.

‘तंटा’ या शब्दाचा हा दुसरा अर्थ तंटामुक्तीच्या साहित्यात कोठेही नाही. मराठीत तंटा दोघांत होतो. त्यात दोन्ही बाजूंना थोडे थोडे चुकलेले असते, आणि म्हणून तो मिटवायचा असतो. अत्याचार हा तंटा नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे तडजोडीने मिटवता येत नाहीत, हे खरे. मोहिमेनेही ते मिटवा असे म्हटलेले नाही. पण जी फिर्याद ठाण्यापर्यंत पोहोचलीच नाही, तिला कोणते कलम लागणार? गावाला गुण मिळायचे ते तंटे कमी झाले म्हणून. ज्या गावात पुरस्काराची वाट पाहिली जात आहे तेथे ठाण्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत किती जण भेटतात आणि काय सांगतात, याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

तुलनेसाठी इतर राज्यांकडे पाहता येईल. तमिळनाडूत १९९३ साली रामनाथपुरम जिल्ह्यात ‘पोलिसांचे मित्र’ ही योजना सुरू झाली. तिथे नागरिक पोलिसांच्या कामाला हातभार लावतो. पोलिसांना जाब विचारण्याचा विचार तिच्या केंद्रस्थानी नाही. केरळात २००८ पासून ‘जनमैत्री’ योजनेत ठाण्यातील पोलीस ठरावीक भागातील घरोघर जातो, आणि २०११ च्या केरळ पोलीस कायद्यात समाजसंपर्क समित्यांना जागा मिळाली. महाराष्ट्राने प्रयोग आधी केले, कायदा केरळाने केला, असे थोडक्यात म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात पोलीससुधारणेचे जे निर्देश दिले, त्यांत राज्य व जिल्हा पातळीवरील तक्रार प्राधिकरणे आहेत. पंचायत किंवा नगरपालिका नाही. खैरलांजीच्या घटनेच्या सात दिवस आधी हा निकाल लागला होता.

साहित्याने या प्रश्नाची दखल कोठे घेतली, असे विचारले तर बोट पुन्हा कोतवालाकडेच जाते. १७९१ साली पुण्यात कोंडवाड्यासारख्या जागेत कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी काही जण गुदमरून मेले. संतप्त जमावाने घाशीराम कोतवालाचा जीव घेतला. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली त्यावर कथाग्रंथ लिहिला आणि विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते बहुधा सत्ता आणि वासना यांच्या संदर्भात. येथे फक्त एवढेच नोंदवायचे की मराठी साहित्यात पोलिसी सत्तेचा सर्वांत प्रसिद्ध हिशेब जमावाने चुकता केलेला आहे. लोकांनी पोलिसाला जाब विचारल्याचे चित्र काढायचे झाले तर मराठी कल्पनेपुढे दगड घेतलेला हात येतो. बैठक, ठराव, नोंदवही येत नाही. दलित आत्मकथनांत चावडी आणि ठाणे येते ते बोलावणे आल्यावर जायची जागा म्हणून, आपण होऊन जायची जागा म्हणून क्वचितच.

काही वर्षांपूर्वी एका गावात ग्रामपंचायतीच्या कपाटातील तंटामुक्त समितीची नोंदवही पाहण्याची संधी मला मिळाली. कार्बन कागदाचे डाग पडलेली, निळ्या पुठ्ठ्याची वही. अनुक्रमांक, तंट्याचे स्वरूप, पक्षकार, निकाल असे चार रकाने. स्वरूपाच्या रकान्यात ‘बांध’, ‘पाणी’, ‘नांदवणे’, ‘शिवीगाळ’ असे एकेक शब्द. निकालाच्या रकान्यात सुरुवातीला दोनतीन ओळी, पुढे पुढे ‘आपसांत मिटले’ एवढेच, आणि शेवटच्या पानांवर फक्त वरच्यासारखेच असल्याचे दर्शवणारी खूण. एका ‘शिवीगाळ’समोर पहिल्या पक्षकाराची वळणदार सही होती, दुसऱ्या पक्षकाराचा अंगठा होता. अंगठ्याची शाई बाजूला ओघळून पुढच्या नोंदीपर्यंत गेली होती. कोणी कोणाला काय म्हटले होते, ते त्या वहीत लिहिलेले नव्हते. ती दाखवणाऱ्या ग्रामसेवकाला मी विचारले, तेव्हा त्याने वही मिटली आणि दुसरा पक्षकार आता गावात राहत नाही, असे सांगितले.